मार्कडाउन मराठीत लिहिताना

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर *उद्या पाणी येणार नाही* असं दोन स्टारांच्या मध्ये लिहिलं की ते ठळक दिसतं, हे आता शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. २०१६ साली ही सोय आली तेव्हा त्यासाठी कुणी शिकवणी लावली नव्हती. एकाचं बघून दुसरा शिकला. मजकुरातच एखादं साधं चिन्ह टाकायचं, ‘हे महत्त्वाचं’, ‘हे शीर्षक’, ‘ही यादी’ एवढंच सांगायचं आणि ते कसं दिसावं हे काम यंत्रावर सोपवायचं, या पद्धतीला हलकी मार्कअप भाषा म्हणतात. अशा भाषा बऱ्याच आहेत. त्यातली सगळ्यात पसरलेली भाषा म्हणजे मार्कडाउन.

चॅटबॉटला प्रश्न विचारून त्याचं उत्तर दुसरीकडे चिकटवलं की मध्येच दोन-दोन स्टार आणि ओळीच्या सुरुवातीला हॅशची चिन्हं दिसतात, ते मार्कडाउनच असतं. चॅटबॉटच्या खिडकीत त्याचं ठळक अक्षरात आणि शीर्षकात रूपांतर होतं, बाहेर आणल्यावर कच्च्या खुणा उघड्या पडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्टार म्हणजे ठळक. मार्कडाउनमध्ये एक स्टार म्हणजे तिरपं आणि दोन स्टार म्हणजे ठळक. इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

मार्कडाउनवर इंग्रजीत भरपूर लिहिलेलं सापडतं. पण ते वाचून मराठीत लिहायला बसलं की काही ठिकाणी अडतं, आणि का अडलं ते त्या पुस्तिकांमध्ये नसतं. कारण त्या लिहिणाऱ्यांसमोर विभक्तीचे प्रत्यय नव्हते, देवनागरी आकडे नव्हते, देवनागरीसाठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड नव्हता. म्हणून हा लेख मुळापासून आणि मराठीच्या बाजूने.

## साधा मजकूर म्हणजे काय

वर्डमध्ये लिहिलेली फाइल उघडून आत बघता आली, तर ती खरं तर बऱ्याच लहान फाइलींचं एक गाठोडं असतं: मजकूर एकीकडे, शैली दुसरीकडे, चित्रं तिसरीकडे, आणि मजकुराच्या अवतीभवती शेकडो यांत्रिक खुणा. ते वाचायला त्या जातीचा प्रोग्रॅम लागतो. साध्या मजकुराच्या फाइलीत मात्र फक्त अक्षरं असतात. नोटपॅडमध्ये उघडा, फोनवर उघडा, वीस वर्षांनी निघालेल्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये उघडा, मजकूर तोच.

हे महत्त्व मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. युनिकोड रुळण्याआधी आपण ज्या फॉन्टांमध्ये लिहीत होतो, त्यात ‘क’ हा संगणकाच्या दृष्टीने ‘क’ नसायचाच. रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसायची. त्या काळातली स्मरणिका, इतिवृत्तं, कवितासंग्रहांच्या फाइली आजही कित्येकांच्या कपाटात अशाच अडकून पडल्या आहेत. युनिकोडने अक्षराचा प्रश्न सोडवला. मार्कडाउन त्यापुढचा प्रश्न सोडवतं: शीर्षक, यादी, दुवा, अवतरण ही रचनासुद्धा अक्षरांच्याच रूपात, कुठल्याही कंपनीच्या प्रोग्रॅमवर अवलंबून न राहता जपायची. मला ही पद्धत मोलाची वाटते ती यासाठी.

एका वाचनालयाच्या सभेची सूचना अशी लिहिता येईल:

    # वार्षिक सभा

    सभा रविवारी सकाळी दहा वाजता सुरू होईल.
    सभासदांनी वेळेवर यावे.

    ## विषय

    - मागील इतिवृत्ताला मंजुरी
    - नवीन पुस्तकांची खरेदी
    - वर्गणीचा आढावा

    > सभासदांनी ओळखपत्र सोबत आणावे.

एक हॅश म्हणजे मुख्य शीर्षक, दोन हॅश म्हणजे उपशीर्षक, असं सहा पातळ्यांपर्यंत. ओळीच्या सुरुवातीला डॅश आणि मग मोकळी जागा म्हणजे यादीतला एक मुद्दा. मोठेपणाचं चिन्ह म्हणजे अवतरण. दुवा द्यायचा तर शब्द चौकटी कंसात आणि त्याला चिकटून पत्ता गोल कंसात: [वाचनालयाचा नकाशा](पत्ता). त्याच्या आधी उद्गारचिन्ह टाकलं की दुव्याच्या जागी चित्र येतं. रोजच्या कामाला यापलीकडे फारसं काही लागत नाही.

आता वरचा नमुना पुन्हा वाचून बघा. त्याचं रूपांतर झालेलं नाही, तरी काय शीर्षक आहे आणि काय यादी आहे ते डोळ्यांना कळतं. मार्कडाउनचा कर्ता जॉन ग्रुबर याने २००४ साली ही भाषा प्रसिद्ध केली तेव्हा त्याचा मुख्य आग्रह हाच होता की कच्चा मजकूर आहे तसाच वाचता आला पाहिजे. या कामात त्याला अ‍ॅरन स्वार्ट्झची मदत झाली. स्वार्ट्झ तेव्हा अठराही वर्षांचा नव्हता. वेबची मूळ भाषा एचटीएमएल हे प्रकाशनाचं रूप आहे आणि मार्कडाउन हे लेखनाचं रूप आहे, अशी ग्रुबरची मांडणी होती. त्याने चिन्हंही नव्याने शोधली नाहीत. नुसत्या अक्षरांच्या ईमेलमध्ये लोक आधीपासून जोर द्यायला शब्दाभोवती स्टार टाकत होते आणि दुसऱ्याचं वाक्य उद्धृत करताना ओळीआधी मोठेपणाचं चिन्ह लावत होते. ती सवयच त्याने नियमात बसवली.

या पद्धतीत लिहिताना एक गोष्ट आपोआप घडते. वर्डमध्ये आपण ओळ निवडतो, आकार अठरा करतो, ठळक करतो आणि त्याला शीर्षक म्हणतो. डोळ्यांना ते शीर्षक दिसतं, पण संगणकाला ती फक्त मोठ्या अक्षरांतली ओळ असते. अंध व्यक्ती स्क्रीन रीडर वापरून वाचते तेव्हा एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उडी मारत लेख चाळते. अशी नुसती मोठी केलेली ओळ तिला सापडतच नाही. अनुक्रमणिकाही तयार होत नाही. मार्कडाउनमध्ये आकार ठरवायची सोयच नाही, त्यामुळे ‘हे शीर्षक आहे’ असंच सांगावं लागतं. वर्डमध्येही शैली वापरून हे करता येतं, पण तिथे न करण्याची वाट जास्त सोपी आहे.

## यंत्र ते कसं वाचतं

मार्कडाउन वाचणारा प्रोग्रॅम दोन फेऱ्यांत काम करतो. पहिल्या फेरीत तो ओळीमागून ओळ बघत जातो आणि मोठे तुकडे पाडतो: हा परिच्छेद, ही यादी, हे अवतरण. दुसऱ्या फेरीत प्रत्येक तुकड्याच्या आत शिरून ठळक, तिरपं, दुवा या बारीक खुणा उलगडतो. एवढं लक्षात ठेवलं की नवख्या माणसाचे निम्मे प्रश्न सुटतात.

पहिल्या फेरीत तुकडे वेगळे करणारी मुख्य खूण म्हणजे कोरी ओळ. नुसतं एकदा एंटर मारून पुढची ओळ लिहिली तर ती आधीच्याच परिच्छेदात मिसळते. वरच्या नमुन्यातल्या ‘सभासदांनी वेळेवर यावे’चं हेच होईल. गद्यात हे सोयीचं आहे, पण कवितेत घात होतो, कारण चारही चरण एका ओळीत येऊन बसतात. ओळ तिथेच तोडायची असेल तर ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडाव्या लागतात किंवा एक बॅकस्लॅश टाकावा लागतो. मी बॅकस्लॅश सुचवेन; मोकळ्या जागा डोळ्यांना दिसत नाहीत आणि काही एडिटर त्या गुपचूप काढून टाकतात.

दुसरी अडचण आपल्या जुन्या वळणाची. परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत घ्यायची हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. मार्कडाउनमध्ये कोऱ्या ओळीनंतर चार मोकळ्या जागा सोडल्या तर यंत्र त्याला संगणकाचा कोड समजतं आणि तो परिच्छेद टंकलेखन यंत्रासारख्या अक्षरांत, वेगळ्या चौकटीत जाऊन बसतो. तेव्हा ओळ आत घेऊ नका. तो परिणाम छापताना शैलीतून मिळवता येतो.

तिसरी अडचण कथालेखकांची. पात्राचं बोलणं डॅशने सुरू करायची पद्धत मराठीत चांगली रुळलेली आहे. साधा डॅश आणि मोकळी जागा म्हणजे मार्कडाउनला यादी, त्यामुळे दोन मित्रांचा संवाद गोल ठिपक्यांची यादी होऊन येतो. त्याऐवजी लांब डॅश (–) वापरला किंवा साध्या डॅशच्या आधी बॅकस्लॅश टाकला की बोलणं जागेवर राहतं. प्रसंग बदलताना तीन डॅशांची ओळ टाकणाऱ्यांनी तिच्या वर कोरी ओळ सोडलीच पाहिजे. ती सोडली नाही, तर वरचा अख्खा परिच्छेद उपशीर्षक होतो, कारण मजकुराखाली डॅशांची रेघ मारणं ही शीर्षकाची जुनी खूण मार्कडाउनने तशीच ठेवली आहे.

## देवनागरीपाशी जिथे अडतं

क्रमांक घातलेली यादी बघा.

    १. कणीक
    २. गूळ
    ३. तूप

हे आपल्याला यादी दिसतं, यंत्राला दिसत नाही. मार्कडाउनच्या नियमात क्रमांक म्हणजे शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडेच. देवनागरी आकड्यांच्या या तीन ओळी एका परिच्छेदात सलग येतील. उपाय असा की कच्च्या मजकुरात 1. 2. 3. लिहायचं आणि दिसताना आकडे देवनागरी हवेत हे शैलीच्या फाइलीत सांगायचं. वेबच्या शैलीभाषेत याद्यांसाठी देवनागरी आकड्यांचा पर्याय मुळातच दिलेला आहे. शैलीला हात लावता येत नसेल, तर देवनागरी आकडेच ठेवा आणि प्रत्येक ओळीनंतर कोरी ओळ सोडा. ती खरी यादी होणार नाही, पण वाचता येईल.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण प्रत्ययांची आहे. शब्दाच्या मधल्या भागाला ठळक करायला दोन पर्याय आहेत, स्टार किंवा अधोरेघ. अधोरेघ शब्दाच्या पोटात चालत नाही. म्हणजे __पुणे__करांनी असं लिहिलं तर रेघा तशाच उरतात. **पुणे**करांनी लिहिलं तर ‘पुणे’ ठळक होतं. मराठीत प्रत्यय चिकटूनच येतात, तेव्हा अधोरेघ विसरून जा आणि कायम स्टार वापरा.

पण स्टारही एका ठिकाणी दगा देतो. समजा तुम्ही लिहिलंत:

    **‘केसरी’**तला अग्रलेख

इथे काहीच ठळक होत नाही आणि चारही स्टार जसेच्या तसे दिसतात. कारण समजून घेण्यासारखं आहे. स्टार गुणाकारासाठीही येतो, तळटीपेच्या खुणेसाठीही येतो. मग कुठला स्टार सुरुवातीचा, कुठला शेवटचा आणि कुठला नुसताच, हे यंत्राने कसं ओळखायचं? नियम असा केला आहे की बंद करणाऱ्या स्टारच्या डावीकडे जर विरामचिन्ह असेल, तर उजवीकडे मोकळी जागा किंवा दुसरं विरामचिन्ह असलंच पाहिजे. इंग्रजीत अवतरणचिन्हाला चिकटून अक्षर फारसं येत नाही, म्हणून हा नियम तिथे बिनबोभाट चालतो. आपल्याकडे ‘केसरी’तला, ‘सकाळ’मध्ये, ‘विश्वकोशा’त ही रोजची लिहिण्याची रीत आहे. डावीकडे अवतरणचिन्ह, उजवीकडे ‘त’. यंत्राला वाटतं हा बंद करणारा स्टार नव्हेच. चिनी आणि जपानी लिहिणाऱ्यांनाही हाच त्रास होतो, कारण त्यांच्याकडे शब्दांमध्ये मोकळी जागाच नसते. उपाय सोपा आहे, स्टार अवतरणचिन्हांच्या आत न्यायचे:

    ‘**केसरी**’तला अग्रलेख

आता बंद करणाऱ्या स्टारच्या डावीकडे अक्षर आहे, उजवीकडे अवतरणचिन्ह, आणि सगळं सुरळीत होतं.

कीबोर्डचा प्रश्न वेगळाच. विंडोजवर इन्स्क्रिप्टने लिहिताना शिफ्टबरोबर तीनची कळ दाबली तर हॅशच्या जागी ‘्र’ येतो, आठची दाबली तर स्टारच्या जागी ‘श्र’. उघडणाऱ्या चौकटी कंसाच्या कळीवर ‘ड’ आहे, आणि मोठेपणाच्या चिन्हाच्या जागी दंड. म्हणजे प्रत्येक खुणेला भाषा बदलून इंग्रजीत जायचं आणि परत यायचं. लिहिण्याची लय यात मोडते. पण डॅश मात्र इन्स्क्रिप्टमध्येही डॅशच राहतो, आणि गोल कंसही. त्यामुळे यादीसाठी स्टारऐवजी डॅश वापरा आणि उपशीर्षकासाठी हॅशऐवजी ती खालच्या रेघेची जुनी पद्धत:

    नवीन पुस्तकांची खरेदी
    ----------------------

एवढ्याने भाषा बदलायची गरज बरीच कमी होते. ठळकपणाच्या आणि दुव्याच्या खुणा शेवटच्या हाताला एकदम घालता येतात.

तिरप्या अक्षरांबद्दल माझं स्पष्ट मत आहे की मराठीत ती वापरूच नयेत. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांमध्ये तिरपं वळण वेगळं घडवलेलं नसतं. यंत्र सरळ अक्षरच ढकलून वाकवतं आणि मात्रा-वेलांट्या वाचायला त्रास होतो. पुस्तकांची, नियतकालिकांची नावं आपण अवतरणचिन्हांत देतो, तेच पुरेसं आहे.

आणखी एक बारकावा मराठीतला. ‘साताऱ्याला’, ‘वाऱ्यावर’ यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’च्या हलन्तापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवून. कागदावर दोन्ही सारखेच. पण साध्या मजकुरात शोध घेताना यंत्र अक्षरं नव्हे तर संकेत जुळवतं, त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. एका दस्तऐवजात एकच पद्धत ठेवावी.

## बहिणी आणि बोलीभेद

मराठी विकिपीडिया २००३ सालापासून चालू आहे, आणि तिथे लिहिणारे वर्षानुवर्षं अशीच एक भाषा वापरत आले आहेत. तिच्यात ठळक करायला तीन एकेरी अवतरणचिन्हं लागतात, शीर्षक बरोबरच्या चिन्हांमध्ये येतं आणि दुवा दुहेरी चौकटी कंसात. तिथेही मराठीचं व्याकरण आडवं येतं. [[नाशिक]]ला असं लिहून भागतं, कारण नाशिक बदलत नाही. पण पुण्याचं सामान्यरूप होतं, म्हणून [[पुणे|पुण्यात]] असं लिहावं लागतं: उभ्या रेघेआधी लेखाचं खरं नाव, नंतर वाक्यात हवं ते रूप. इंग्रजी विकिपीडियावर हे कधीमधी लागतं, मराठीत दर दोन वाक्यांनी.

इतर बहिणींबद्दल थोडक्यात. तांत्रिक पुस्तकांसाठी आस्कीडॉक चांगली: तळटीपा, संदर्भ, गुंतागुंतीचे तक्ते तिला जमतात. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जगात रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट चालते. इमॅक्स हा एडिटर वापरणाऱ्यांना ऑर्ग-मोडशिवाय करमत नाही. पहिल्यांदा शिकणाऱ्याने मार्कडाउनच घ्यावं, कारण ते सगळीकडे चालतं.

चालतं, पण सगळीकडे सारखं नाही. ग्रुबरने नियम गद्यात लिहिले होते आणि सोबत पर्ल भाषेतला एक प्रोग्रॅम दिला होता. अडचणीच्या जागी नेमकं काय व्हावं हे बऱ्याच ठिकाणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून प्रत्येकाने आपापला अर्थ लावला. २०१४ साली जॉन मॅकफार्लेन, जेफ अ‍ॅटवूड आणि इतर काहींनी कॉमनमार्क नावाचा काटेकोर नियमसंच काढला. त्यात सहाशेहून अधिक उदाहरणं आहेत, प्रत्येकात ‘असं लिहिलं तर असं दिसलं पाहिजे’. वर सांगितलेले आकड्यांचे आणि स्टारांचे नियम त्यातलेच. प्रोग्रॅमर जिथे आपला कोड ठेवतात त्या गिटहब संकेतस्थळाने २०१७ मध्ये त्याच पायावर तक्ते, कामांच्या याद्या वगैरे भर घालून आपला नियमसंच जाहीर केला. तक्ता उभ्या रेघांनी आखायचा असतो; देवनागरीत जोडाक्षरांमुळे त्या रेघा एकाखाली एक कधीच येत नाहीत, पण यंत्राला फक्त रेघांची संख्या हवी असते. तक्त्यात दोन खाने एकत्र करायचे असतील तर मात्र मार्कडाउन सोडा. लग्नपत्रिका, दिवाळी अंकाची मांडणी, जाहिरात यांनाही ते नाही. जिथे अमुक ओळ अमुक जागी हवी, तिथे मांडणीचाच प्रोग्रॅम हवा.

लांब लेखनाला मात्र ते फार सोसतं. ओळी आपोआप मिसळतात याचा फायदा घेऊन प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहा. वाचकाला फरक दिसत नाही, पण तुम्हाला एखादं वाक्य उचलून दुसरीकडे नेणं सोपं जातं. आणि गिटसारख्या साधनाने जुना आणि नवा खर्डा ताडून पाहिला, तर ते ओळीनुसार तुलना करत असल्यामुळे नेमकं कुठलं वाक्य बदललं ते लगेच दिसतं. संपादक आणि लेखक दोघं मिळून काम करत असतील, तर यासारखी सोय नाही.

शेवटी हा मजकूर छापायचा किंवा कुणाला पाठवायचा असतो. त्यासाठी पॅनडॉक हा प्रोग्रॅम घ्यावा. तो फुकट आहे, आणि कॉमनमार्कवाल्या जॉन मॅकफार्लेन यांनीच २००६ मध्ये तो सुरू केला. ते अमेरिकेत बर्कलीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. एकाच मार्कडाउन फाइलीतून तो वर्डची फाइल, ईपब पुस्तक, वेबपान आणि पीडीएफ काढून देतो. वर्डसाठी एक नमुना फाइल करून ठेवली, की तिच्यातल्या शैली तुमच्या शीर्षकांना आणि परिच्छेदांना लागतात. पहिली ओळ आत घेणं इथेच जमवायचं. पीडीएफ काढताना मराठीसाठी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पॅनडॉक नेहमी ज्या पीडीएफ इंजिनाकडे काम देतो ते देवनागरीला निरुपयोगी आहे, म्हणून झीलाटेक किंवा लुआलाटेक निवडायचं. आणि मुख्य फॉन्ट म्हणून देवनागरी असलेला फॉन्ट नेमून द्यायचा, उदाहरणार्थ नोटो सेरिफ देवनागरी किंवा तिरो देवनागरी मराठी.

फाइलीच्या अगदी वर तीन-तीन डॅशांच्या दोन ओळींमध्ये शीर्षक, लेखक वगैरे माहिती देता येते. तिथेच भाषेचा संकेत ‘एमआर’ (रोमन अक्षरांत mr), म्हणजे मराठी, असा जरूर लिहा. तो ईपबमध्ये आणि वेबपानात उतरतो, मग स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडायचा हे कळतं. शिवाय ज्या फॉन्टमध्ये मराठी आणि हिंदी वळणं वेगळी दिलेली असतात, तिथे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे उमटतात.